दूध कमी, की पान्हा अडलाय?

तासगावकडच्या आमच्या घरी बाळंतिणीला बघायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "दूध पुरतंय का गं?" मी जरा घुटमळले की अळिवाची खीर पुढ्यात. बाळ रडायचं, मीही रडायचे. शेवटी रोज म्हशीची धार काढणाऱ्या आत्याच, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "दूध हाय की. नव्या माणसाला म्हस पान्हा चोरती, तसं झालंय तुझं."

तेव्हा राग आला, पण बाईंचं बरोबर होतं.

दूध बनवतं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन. छाती जितकी रिकामी होईल, तितकं पुढचं बनतं. पान्हा फोडतं दुसरं हार्मोन, ऑक्सिटोसिन. दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी ते आवळतं, मग साठलेलं दूध खाली उतरतं. बाळाच्या नुसत्या रडण्यानंही पान्हा फुटतो. दुखणं, भीती, संकोच यांनी अडतो. माझे टाके ठणकत होते आणि समोर चार पाहुण्या. खिरीनं काय होणार?

फरक बाळाच्या घशात दिसतो. आधी ते भराभर चुटूचुटू ओढतं. पान्हा फुटला की लय संथ होते, एक-दोन ओढींमागे एक घोट. दुसऱ्या बाजूचा ब्लाउज भिजतो, सुरुवातीच्या दिवसांत ओटीपोटात कळही येते. काहींना यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून घोटच बघावेत. दूध काढायच्या पंपात किती आलं यावरून ठरवू नये. पंपाला पान्हा न फुटणाऱ्या पुष्कळजणी असतात.

दूध खरंच कमी पडत असेल तर ते शू आणि वजन सांगतं. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहापेक्षा कमी वेळा शू, किंवा दोन आठवडे झाले तरी जन्माचं वजन भरून आलेलं नाही, असं असेल तर लाडू वळत बसू नका, डॉक्टर गाठा.

आत्यांनी पाहुण्यांना सोप्यात बसवलं, छातीला गरम फडका दिला, बाळ उघड्या अंगाशी ठेवलं आणि पाठ चोळत राहिल्या. थोड्या वेळानं गट् गट् ऐकू आलं.

पुढं महिन्याभरात उलटंच झालं. पान्हा इतक्या जोरात यायचा की बाळाला ठसका लागायचा, ते छाती सोडून किंचाळायचं. शेजारच्या काकू लगेच, "आटलं वाटतं दूध!" जोर कमी व्हावा म्हणून मी मागे रेलून बसले होते, पहिली चिळकांडी टिपलेला पंचा तसाच पिळून त्यांना दाखवला.