घुसळखांब घरात होता तेव्हा

गावात दूध विकायची सोय नव्हती, तेव्हा ते टिकवायचं कसं हा रोजचा प्रश्न होता. उन्हाळ्यात सकाळचं दूध संध्याकाळपर्यंतही राहत नसे. म्हणून ते तापवायचं, विरजायचं, घुसळून लोणी काढायचं आणि कढवून तूप करायचं. तूप महिनोन्‌महिने टिकतं आणि आठवड्याच्या बाजारात त्याचे रोख पैसे मिळत.

आज आपण साय साठवून लोणी काढतो. ही पद्धत लिटर-दोन लिटर दूध घेणाऱ्या घरांची. घरची दुभती जनावरं असत तिथे अख्खं दहीच डेऱ्यात, म्हणजे मोठ्या मडक्यात, घालून घुसळत. रोवलेल्या घुसळखांबाला रवी अडकवायची, तिला दोरीचे वेढे द्यायचे आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची. खांदे भरून येणारं हे काम बायका पहाटेच उरकत. त्यात मोठी जाण लागे. दही फार गार असलं तर लोणी येत नाही, फार कोमट असलं तर ते मऊ पडून गोळा धरत नाही. म्हणून थंडीत कोमट पाणी घालायचं, उन्हाळ्यात माठातलं गार. लोणी येऊ लागलं की घुसळण्याचा आवाज बदलतो, रवी जड होते, कडेला रवाळ कण दिसतात. मग गोळा पाण्यात दोन-तीनदा धुवायचा, कारण आत ताक राहिलं तर लोणी लवकर आंबतं.

म्हशीच्या दहा लिटर दुधाचं लोणी साधारण पाऊण किलो. ताक मात्र डेराभर. ते सहसा कुणी विकत नसे, शेजारपाजारचे तांब्या घेऊन येत. अर्थात शिवाशिवीचे नियम त्यालाही चुकले नव्हते.

1946 मध्ये गुजरातेत आणंदला खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ उभा राहिला, 1963 मध्ये कोल्हापूरचा, 1970 मध्ये देशभरासाठी ‘दुधाचा महापूर’ (ऑपरेशन फ्लड) योजना आली. गावोगावी दोन्ही वेळा दूध गोळा होऊ लागलं आणि फॅटप्रमाणे दर मिळू लागला. ज्या स्निग्धांशासाठी डेरा घुसळायचा, त्याचेच पैसे आता न घुसळता मिळत होते. घुसळखांब निघाले यात नवल नाही, आणि बायकांचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण तुपाचे चार पैसे बऱ्याच घरांत बाईच्या हाती राहत. संघाचं सभासदत्व आणि दुधाचं बिल बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर गेलं.