उसाच्या शेंड्यावर अँटेना

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस भागात नदीकाठची मोटर आणि वस्ती यांत सहज किलोमीटरभर अंतर असतं. मोटर घरातून चालू-बंद करायला लोरा रेडिओ, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ, चांगला. 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 1 वॉटपर्यंत परवाना लागत नाही. ऊसतोड झालेल्या रानात बसवलेली जोडणी चोख चालते आणि भाद्रपदात तुटायला लागते. दोष रेडिओला दिला जातो. खरं तर मधे दहा-बारा फूट ऊस उभा राहिलेला असतो आणि ओली पानं लहरी शोषून घेतात.

समोरचा खांब नजरेला दिसला म्हणजे वाट मोकळी, असं नाही. दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवतीची, मध्यावर फुगलेली जागाही लहरींना लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. 866 मेगाहर्ट्झला 1 किलोमीटरच्या मध्यावर तिची त्रिज्या सुमारे 9.3 मीटर. त्यातली 60 टक्के मोकळी हवी, म्हणजे रेषेखाली साडेपाच मीटर. त्यात दहा फुटी उसाचे 3 मिळवले की साडेआठ. मोटरीकडे 7 मीटर आणि घराकडे 10 मीटर उंची मिळाली तर मध्यावर रेषा साडेआठवर येते आणि हिशेब जमतो. उंची रानाच्या पातळीपासून मोजायची. मोटर खाली मळीत, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीत, असेल तर तेवढा खांब वाढवा. महागडा अँटेना उसात बुडालेला असण्यापेक्षा साधा अँटेना उंचावर असलेला कधीही बरा.

हा साधा अँटेना घरी बनतो. चार भोकांचं एन कनेक्टर (अँटेनाची केबल जोडायचा एक जोड) आणि 2 मिलिमीटर जाडीची तांब्याची तार एवढंच लागतं. 866 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 34.6 सेंटीमीटर; तिचा चौथा हिस्सा 8.65. तार प्रत्यक्षात सुमारे 5 टक्के आखूड लागते, म्हणून मधली उभी तार 8.2 सेंटीमीटर. चार भोकांत 9.2 सेंटीमीटरच्या चार तारा डाखून 45 अंशांत खाली वाकवायच्या. त्या आडव्याच ठेवल्या तर रोध 36 ओहमच्या आसपास राहतो. वाकवल्या की केबलला हवे असलेले 50 ओहम मिळतात.

मधली तार आधी 3 मिलिमीटर जास्त ठेवा आणि नॅनो-व्हीएनए या अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर बघत थोडी थोडी कापा. एका मिलिमीटरने अनुनाद, म्हणजे अँटेना सर्वांत चांगला चालतो ती वारंवारता, सुमारे 10 मेगाहर्ट्झ सरकतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते त्याचं माप) 1.5 च्या आत आला की थांबा.

आरजी-58 केबल या वारंवारतेला मीटरमागे अर्धा डेसिबल किंवा जास्तच खाते. 10 मीटर केबलीत दोन तृतीयांश शक्ती वाया जाते. त्यामुळे रेडिओच प्लॅस्टिकच्या डब्यात खांबावर चढवा आणि खालून फक्त वीज न्या. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत अँटेना ठेवणं म्हणजे तो झाकून टाकणं.

विकतचा अँटेना घेताना दोन गोष्टी बघा. 433, 866 आणि 915 मेगाहर्ट्झचे अँटेना बाहेरून सारखे दिसू शकतात. दुसरी गोष्ट कनेक्टरचे दोन प्रकार, एसएमए आणि आरपी-एसएमए. दोन्हींचे आटे एकमेकांत बसतात, पण एका जोडीत मधोमध पिनसमोर पिन येते, तर दुसरीत भोकासमोर भोक. भोकासमोर भोक आलं की कनेक्टर घट्ट बसूनही संपर्क होत नाही, आणि अँटेनाशिवाय प्रक्षेपण केलं तर रेडिओचा अँप्लिफायर जळू शकतो.

दोन्हीकडचे अँटेना उभेच हवेत. एक आडवा झाला तर सिग्नल 20 डेसिबलपर्यंत पडतो, म्हणजे शंभराव्या हिश्शावर येऊ शकतो. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळा. केबलीच्या जाळीत एकदा पाणी शिरलं की ती सुकत नाही, बदलावीच लागते.