पिशवीतलं रोप की रूट ट्रेनरमधलं? तुटलेलं मूळ आणि गुंडाळलेलं मूळ यात फरक आहे

जून जवळ आला की नाशकात झाडं लावायचे प्लॅन सुरू होतात आणि दरवर्षी कोणीतरी ठामपणे सांगतंच, "रूट ट्रेनरची रोपं घेऊ नका, त्यात सोटमूळ मरतं, पिशवीतलं चांगलं उंच रोप घ्या." हे ऐकून ऐकून वैताग आलाय, म्हणून एकदा नीट लिहितोय.

पिशवी सगळ्यांना माहितीच आहे, पोयटा, शेणखत, थोडी वाळू आणि बाजूला-खाली भोकं. रूट ट्रेनर म्हणजे कडक प्लॅस्टिकचे खाली निमुळते होत गेलेले कप, आतून उभ्या कडा, बूड उघडं, भरायला कोकोपीट आणि कंपोस्ट. वजन, भाडं, किंमत हे फरक आहेत पण त्यावरून झाड जगत-मरत नाही.

झाड जगतं-मरतं ते मूळ तळाला पोचल्यावर काय होतं त्यावर. मोह, अंजन, हिरडा, खैर, बाभूळ, ही मंडळी बी रुजलं की आधी खाली धावतात, वरती बोटभर रोप दिसत असतं तेव्हा सोटमूळ पिशवीच्या बुडाला टेकलेलं असतं. पिशवीत पुढे जायला वाट नाही, मग ते वळतं आणि बुडाशी गोल गोल फिरत बसतं, नाहीतर भोकातून खालच्या जमिनीत घुसतं आणि रोप उचलताना कसंही ओरबाडून निघतं. फिरलेलं मूळ हळूहळू लाकूड होतं आणि एकदा लाकूड झालं की खड्ड्यात लावल्यावरही ते सरळ होत नाही, वेटोळं तसंच जाड होत जातं, मुळंच एकमेकांना आवळतात. पहिली दोन वर्षं टँकरचं पाणी असतं म्हणून कळत नाही, पाणी बंद झालं की झाड वाळतं किंवा वाऱ्यात कलतं आणि आपण म्हणतो माती खराब होती.

रूट ट्रेनरमध्ये उभ्या कडांमुळे मूळ गोल फिरू शकत नाही, खालीच जातं, आणि उघड्या बुडाशी आलं की टोकाला हवा लागून ते सुकतं. हो, सोटमुळाचं टोक मरतं, पण तेवढंच. टोक थांबलं की त्याच्या वरच्या भागातून नवी मुळं फुटतात आणि जमिनीत लावल्यावर त्यातली काही सरळ खाली जाऊन सोटमुळाचं काम करतात. म्हणजे तुटलेलं मूळ भरून निघतं, गुंडाळलेलं आपणहून सुटत नाही. लोक नेमकं पहिल्याला घाबरतात आणि दुसरं पैसे देऊन घरी आणतात!

निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार म्हणतात, आमची डॉगरिजची (ज्यावर द्राक्षाचं कलम करतात त्या खुंटाची) रोपं पिशवीतूनच येतात, काय होतंय? अहो ती काडीपासून केलेली असतात, काडीला सोटमूळ नसतंच. द्राक्षाचा अनुभव बियांवरच्या मोहाला लावू नका.

आता माझा सगळ्यात मोठा राग. रूट ट्रेनर आणायचे आणि ट्रे सरळ जमिनीवर मांडायचे! बुडाखाली हवा नाही तर टोक सुकणार कसं, मूळ थेट मातीत शिरतं आणि सगळा खर्च वाया. ट्रे स्टँडवर पाहिजेत, खालून वारा खेळला पाहिजे. आणि कप लहान म्हणून एप्रिल-मेमध्ये पाणी जास्त वेळा द्यावं लागतं, ते जमणार नसेल तर या भानगडीत पडू नका. दीडशे सीसीचे कप मला मोहासाठी आवडत नाहीत, तीनशेचे घ्या, आणि त्यातही रोप वर्षानुवर्षं ठेवायचं नाही.

खरं तर कुंपण आणि राखण होत असेल तर अंजन आणि मोहाचं बी पावसाच्या सुरुवातीला जागेवरच टोकावं असं माझं स्पष्ट मत आहे. मोहाचं बी मात्र ताजंच हवं, काही आठवडे नुसतं पडून राहिलं तरी उगवण घसरते. पेठ-सुरगाण्यात पाऊस भरपूर त्यामुळे टोकलेलं बी सोपं जातं, सिन्नर-येवल्याच्या कोरड्या भागात तर पाऊस संपल्यावर खोल गेलेलं मूळच झाडाला वाचवतं, तिथे गुंडाळलेल्या मुळाचं रोप लावणं म्हणजे खड्ड्याची मेहनत फुकट.

पिशवीतलंच रोप मिळत असेल तर आधी उंची बघू नका, चार फुटी रोप आणि वीतभर पिशवी दिसली की सोडून द्या. घेतलेल्याची पिशवी पूर्ण काढा (नुसती बुडाला फाडून खड्ड्यात ठेवतात तेही चुकीचं), हुंडीच्या (मुळांसकट निघालेल्या मातीच्या गोळ्याच्या) बुडाचा इंचभर थर, जिथे वेटोळं असतं, तो धारदार पात्याने कापून टाका आणि बाजूने दोन-तीन उभे चिरे द्या. पाऊस चालू असताना करा, लगेच लावा आणि त्याच दिवशी भरपूर पाणी द्या.