पार्श्वभूमी : फाउंटन्सचा मठ आणि लोकरीचा पैसा

यॉर्कशरमधल्या रिपनजवळ, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात फाउंटन्स मठाचे अवशेष उभे आहेत. चर्चवर छप्पर उरलेलं नाही, पण त्याला लागून असलेली पश्चिमेची इमारत जवळजवळ शाबूत आहे: सुमारे 91 मीटर लांब, मधोमध खांबांची एकच रांग आणि दोन्ही बाजूंना 22 गाळ्यांचं (खांबाखांबांमधल्या भागांचं) कमानदार छत. आज ते एकच अखंड दालन वाटतं. मूळ बांधणीत मात्र आडव्या भिंती घालून त्याचे भाग पाडले होते. कोठारं, बाहेरच्यांशी बोलायची खोली आणि कामकरी बंधूंची भोजनशाळा खाली होती, त्यांचं शयनगृह वर. हे कामकरी बंधू कोण होते ते कळलं, की मठाचा निम्मा इतिहास उलगडतो.

फाउंटन्स ज्या सिस्टर्शियन संप्रदायाचा मठ होता, त्याची सुरुवात 1098 मध्ये फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या सितो इथे झाली. संत बेनेडिक्टने मठवासींसाठी घालून दिलेल्या नियमावलीचं काटेकोर पालन हा त्याचा आग्रह होता. न रंगवलेल्या लोकरीचा झगा, वस्तीपासून दूर जागा आणि स्वतःच्या श्रमावर निर्वाह. दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा आठ प्रार्थना सांभाळून दूरच्या शेतावर राबणं मठवासींना जमणारं नव्हतं. म्हणून व्रत घेतलेले, पण बहुधा निरक्षर असलेले कामकरी बंधू वेगळे ठेवले गेले. त्यांच्यावर प्रार्थनेचं ओझं कमी आणि शेती, मेंढ्या, बांधकामाचं जास्त. मठाधिपती निवडताना त्यांना मत नसे. चर्चमध्येही आडव्या पडदीच्या पश्चिमेला ते आणि पूर्वेला मठवासी.

फाउंटन्सची स्थापना एका भांडणातून झाली. यॉर्कच्या सेंट मेरी मठातली शिस्त ढिली झाली आहे, असं म्हणणाऱ्या तेरा जणांना तिथून बाहेर पडावं लागलं. आर्चबिशप थर्स्टनने त्यांना आश्रय दिला आणि 27 डिसेंबर 1132 रोजी स्केलच्या काठची पडीक जमीन दिली. पुढे त्यांनी क्लेअरव्होच्या सिस्टर्शियन मठाचा मठाधिपती बर्नार्ड याच्याकडे संप्रदायात घेण्याची विनंती केली. बर्नार्डने जॉफ्रे नावाचा अनुभवी मठवासी पाठवला. दिनचर्येपासून इमारतींच्या मांडणीपर्यंत सगळं त्याने शिकवलं. सुरुवातीची वर्षं उपासमारीचीच होती. यॉर्कच्या कॅथीड्रलचा डीन (प्रमुख धर्माधिकारी) ह्यू आपली संपत्ती घेऊन मठात आला, तेव्हा ही उपासमार संपली.

पहिल्या लाकडी इमारतीच्या खांबांचे खड्डे 1979-80 च्या उत्खननात चर्चच्या दक्षिण बाहूखाली (क्रुसासारख्या आराखड्यातल्या दक्षिणेच्या आडव्या भागाखाली) सापडले. लाकडानंतर दगडी चर्च आलं. तेही 1147 मध्ये जळालं. मठाधिपती हेन्री मर्डॅकने यॉर्कच्या नव्या आर्चबिशपच्या, विल्यम फिट्झहर्बर्टच्या निवडीला विरोध केला होता. चिडलेल्या समर्थकांनी मठालाच आग लावली. (याच फिट्झहर्बर्टला पुढे संतपद मिळालं.) आज दिसणारा चर्चचा अकरा गाळ्यांचा मध्यभाग त्या आगीनंतरचा. जाडजूड खांब, टोकदार कमानी, भिंतीवर नक्षी जवळजवळ नाहीच. बाजूच्या प्रत्येक गाळ्यावर आडवं, अर्धनळीसारखं दगडी छत होतं. ही थेट बर्गंडीची पद्धत. तिथल्या फोंतने मठातही ती दिसते. मधल्या रुंद भागावर मात्र लाकडी छप्पर होतं.

मठाचा नकाशा पाण्याने ठरवला. चर्च उत्तरेला, त्याच्या दक्षिणेला ओवऱ्यांचा चौक आणि त्यापलीकडे नदी. पूर्वेच्या बाजूला सभागृह, त्यावर शयनगृह. तिथून रात्रीच्या प्रार्थनेला थेट चर्चमध्ये उतरणारा जिना. दक्षिणेची भोजनशाळा चौकाला समांतर न ठेवता काटकोनात फिरवली आहे. या एका बदलाने दोन्हीकडे जागा निघाली: पूर्वेला ऊबखोली, पश्चिमेला स्वयंपाकघर. शिवाय स्वयंपाकघर दोन भोजनशाळांच्या मध्ये आल्याने एकाच चुलीवरून मठवासी आणि कामकरी बंधू, दोघांनाही वाढता येई. शौचकुपं वाहत्या पाण्यावर होती. पुढे सपाट जागा अपुरी पडली, तेव्हा नदीवर दगडी बोगदे बांधून त्यांच्यावर इमारती उभ्या केल्या. मठवासींच्या रुग्णालयाखाली असे चार बोगदे शेजारी शेजारी आहेत. माझ्या मते फाउंटन्सचं सर्वांत धाडसी बांधकाम चर्च नव्हे, हे बोगदे आहेत.

पैसा आला तो मेंढ्यांतून. दूरदूरच्या शेतवाड्यांवर कामकरी बंधू राहत. क्रेव्हन भागातला एक डोंगर आजही फाउंटन्स फेल म्हणून ओळखला जातो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इटालियन व्यापारी यादीत फाउंटन्सच्या नावावर वर्षाला 76 गोण्या लोकर आहे, इंग्लंडच्या सिस्टर्शियन मठांत सर्वाधिक. एक गोणी म्हणजे 364 पौंड, साधारण 165 किलो. सगळीच लोकर स्वतःच्या मेंढ्यांची असेल असं नाही. शेजाऱ्यांची लोकर गोळा करून विकायला संप्रदायाची मनाई होती, तरी मठ ते करत.

घात झाला आगाऊ उचलीने. इटालियन व्यापारी पुढच्या अनेक वर्षांच्या लोकरीचा सौदा आधीच करून रोख देत. भाव अर्थातच कमी. ती रोख बांधकामात जाई. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढ्यांत खरूज पसरली, लोकर घटली, पण करारातल्या गोण्या तेवढ्याच राहिल्या. कमी पडलेला माल बाजारातून चढ्या भावाने घेऊन द्यावा लागे. मठ कर्जात बुडाला आणि राजाला लक्ष घालावं लागलं. त्यात स्कॉटिश स्वाऱ्या आणि 1349 ची प्लेग यांची भर पडली. कामकरी बंधू मिळेनासे झाले, तशा शेतवाड्या खंडाने गेल्या. पश्चिमेची ती लांब इमारत ज्यांच्यासाठी बांधली, ते लोकच उरले नाहीत.

साधेपणा तर आधीच सुटला होता. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात चर्चच्या पूर्व टोकाला नऊ वेद्यांचं उंच, झिरझिरीत दालन जोडलं गेलं. त्याच्या भिंतींना तडे गेले. पंधराव्या शतकात त्यांची डागडुजी करताना एका तड्यावर कोरीव देवदूत बसवला. मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबीने (1495-1526) मनोराही उभारला. संप्रदायाने 1157 मध्येच दगडी मनोऱ्यांना बंदी घातली होती. चर्चच्या मधोमध असलेले जुने खांब एवढा भार पेलण्यासारखे नव्हते, म्हणून सुमारे 50 मीटरचा मनोरा उत्तर बाहूच्या टोकाला नव्या पायावर उभा राहिला. तो अजून उभा आहे.

आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बंद करायला घेतले. त्याच्याविरुद्धच्या 1536 च्या उठावानंतर माजी मठाधिपती विल्यम थर्स्क याला फाशी झाली. 26 नोव्हेंबर 1539 रोजी शेवटचा मठाधिपती मार्मड्यूक ब्रॅडलीने मठ राजाच्या स्वाधीन केला. छपरावरचं शिसं उतरवलं गेलं. इंग्लंडच्या पावसात छप्पर गेलं की बाकीचं काम पाणी करतं. 1597 नंतर स्टीफन प्रॉक्टरने इथलेच दगड वापरून शेजारी फाउंटन्स हॉल बांधला. 1767 मध्ये विल्यम एस्लाबीने अवशेष विकत घेऊन शेजारच्या आपल्या स्टडली रॉयलच्या बागेला जोडले आणि दगड उचलणं थांबलं. 1983 पासून ही मालमत्ता नॅशनल ट्रस्टकडे आहे; 1986 मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली. आता धोका स्केलच्या पुराचा आहे. गाळ बोगद्यांत आणि बागेतल्या खालच्या तळ्यांत साचतो, म्हणून नदीच्या वरच्या भागात झाडं लावून आणि छोटी तळी खोदून पाण्याचा वेग कमी केला जातो आहे.