मिठातला सोडियम पेट का घेत नाही?

सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला की तो पाण्यावर सैरावैरा पळतो, फुसफुसतो, मोठा असेल तर सरळ भडकाच उडतो, म्हणून लॅबमधे त्याला रॉकेलात बुडवून ठेवतात. क्लोरीन म्हणजे तर तोच वायू जो पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मधे बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला होता. आणि या दोघांचं मिळून बनलेलं मीठ आपण रोज वरणात घालतो. फरक पडला फक्त एका इलेक्ट्रॉनचा.

सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन (प्रत्येकाचा भार +१) आणि ११ इलेक्ट्रॉन (प्रत्येकाचा भार -१), म्हणजे हिशोब चोख, एकूण भार शून्य. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवतीच्या कवचांमधे बसलेत २, ८, १ असे. तो शेवटचा एकटा बाहेरच्या कवचात असतो, केंद्रकाची ओढ मधल्या दहा जणांमुळे त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर बरीच कमी होते, त्यामुळे तो पटकन सुटतो. तो गेला की ११ प्रोटॉन, १० इलेक्ट्रॉन, भार +१. क्लोरीनकडे १७ इलेक्ट्रॉन, २, ८, ७, बाहेर एक जागा रिकामी, ती भरली की भार -१.

इथे मुलं हमखास अडकतात, की गमावलं तर मायनस व्हायला हवं ना, प्लस कसं? इलेक्ट्रॉनला उधारी समजा. डोक्यावरची एक उधारी गेली की खातं प्लसमधे, दुसऱ्याची उधारी अंगावर घेतली की मायनसमधे. प्रोटॉन या व्यवहारात जागचे हलतसुद्धा नाहीत, एक जरी प्रोटॉन कमी झाला तर तो सोडियम राहणारच नाही, निऑन होईल.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते आणि शाळेत नीट सांगत नाहीत. "सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो" हे अर्धवट आहे. तो इलेक्ट्रॉन ओढून काढायला साधारण ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं माप) ऊर्जा लागते, आणि तो घेताना क्लोरीन परत देतो साधारण ३.६, म्हणजे नुसत्या देवघेवीत दीडचा तोटाच! मग हा सौदा होतो कसा? तर प्लस आणि मायनस झाल्यावर ते एकमेकांना जबरदस्त ओढतात, मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियमला सहा क्लोराइड (म्हणजे मायनस झालेले क्लोरीन) चिकटून आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम, या घट्ट बसण्यात इतकी ऊर्जा बाहेर पडते की तोटा भरून वर भरपूर उरते. म्हणूनच मिठातला सोडियम पेट घेत नाही, द्यायचा इलेक्ट्रॉन त्याने आधीच देऊन टाकलेला असतो.

असा प्लस किंवा मायनस झालेला अणू म्हणजे आयन. हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने १८३४ मधे वापरात आणला, ग्रीकमधे अर्थ "जाणारा", कारण करंट सोडला की ते आपापल्या टोकाकडे जातात. पण मीठ पाण्यात विरघळलं की करंट न सोडताही आयन सुटे झालेलेच असतात हे स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८८४ मधे प्रबंधात मांडलं, परीक्षकांना ते पटेना, त्याला जेमतेम पास केलं, आणि त्याच कामाला १९०३ चं नोबेल मिळालं.

भाताचं मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडतं ना, तेव्हा निळी ज्योत एकदम पिवळी होते, ती नीट बघा. त्या उष्णतेत मिठातल्या काही सोडियमला आपला इलेक्ट्रॉन परत मिळालेला असतो, तो पुन्हा साधा अणू झालेला असतो, आणि तो इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन खाली येताना तो पिवळा उजेड पडतो.