कंबरेची उधारी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर असतो आणि परीक्षा संपल्यामुळे नेमक्या तेव्हाच गावोगावी स्पर्धा लागतात. दोन महिने चेंडूला हात न लावलेला पोरगा आठवड्यात पाच मॅच खेळतो. त्यात तो वेगवान गोलंदाज असला की संपलंच. "टाक भो, अजून एक ओव्हर!" कंबरेचं दुखणं मात्र जूनमध्ये उपटतं, कपाशीच्या लागवडीत. मग घरचे म्हणतात, खताची गोणी उचलताना उसण भरली असेल.

गोणी बिचारी निर्दोष असते. चेंडू टाकताना पुढचा पाय आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहून जास्त जोर उलटा वर येतो. साठ किलोच्या पोराला तीनशे किलोचा दणका! त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका अंगाला झुकलेली, वर पीळ बसलेला. हे सारं झेलतात कंबरेचे चौथा आणि पाचवा मणका. उजव्या हाताने टाकणाऱ्याचं हाड बहुधा डाव्या बाजूला चिरतं.

हाड भाराला उत्तर देतं, पण सावकाश. आधी थकलेला भाग पोखरून काढतं, मग नवा भरतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात ते आधीपेक्षा कच्चं असतं. स्नायू दोन-तीन दिवसांत ताजे होतात, म्हणून पोरगा म्हणतो, मी फिट आहे. विशीच्या आत तर मणके पुरते पक्केही नसतात.

म्हणून चेंडू मोजायचे, नेट्समधलेही. दर आठवड्याला साठ टाकणाऱ्याने एकदम दीडशे टाकले तर ती अडीचपट उडी झाली. अशी दुपटीच्या वरची उडी घेणाऱ्यांना दुखापत जास्त होते, असं 2014च्या एका अभ्यासात दिसलं. या पटीच्या हिशोबावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्त आहे. सगळ्यांना एकच आकडा लागू होत नाही. ऑस्ट्रेलियात 2024-25 मध्ये 151.2 षटकं टाकून बुमराहची पाठ सिडनीत बोलली. सिराज 2025 मध्ये इंग्लंडमध्ये पाचही कसोटी खेळला. बुमराह तिथे तीनच खेळला म्हणून लोक चिडले. त्याच्या पाठीवर 2023 मध्ये शस्त्रक्रिया झालीय, हे सोयीने विसरले. तरी वहीत रोजचा आकडा लिहायला काय जातं?

एका पायावर उभं राहून मागे वाकताना कंबरेत एकाच बाजूला कळ आली, तर बाम चोळून पुढची मॅच खेळू नये. एक्स-रेवरही विसंबू नये. सुरुवातीचा तडा त्यात सहसा दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडाची सूज तडा जाण्याआधीच दिसू शकते.