‘हल्लीची मुलं’ आणि आपली स्मरणशक्ती

ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मंडळींच्या गप्पांना थोडा वेळ कान दिला, तर राजकारण आणि गुडघेदुखी यांच्या मधोमध नातवंडांचा विषय हमखास निघतो. ती वाचत नाहीत, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत, डोकं चालवत नाहीत. तिन्हींचं खापर मोबाईलवर.

गंमत म्हणजे नेमके हेच तीन गुण जॉन प्रोट्झको आणि जोनाथन स्कूलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तपासायला घेतले होते. त्यांचा शोधनिबंध 2019 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. तुमच्या लहानपणीच्या मुलांपुढे आजची मुलं कशी वाटतात, असं त्यांनी सुमारे साडेतीन हजार प्रौढांना विचारलं. पण खरी मेख पुढे होती. उत्तर देणारे स्वतः कसे आहेत, हेही त्यांनी मोजलं. ज्येष्ठांच्या अधिकाराचा आग्रह धरणाऱ्यांना मुलं जास्त उर्मट वाटली. बुद्धिमापन चाचणीत वरचे गुण मिळवणाऱ्यांना ती जास्त मंद वाटली. वाचनात मुरलेल्यांना वाचनाची आवड आटलेली दिसली. ज्याचा जो गुण, त्याला तोच नव्या पिढीत कमी दिसला.

असं का व्हावं? एक तर आपण ज्यात तरबेज असतो, त्यातली दुसऱ्याची उणीव चटकन डोळ्यात भरते. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. आपल्या लहानपणीची इतर मुलं कशी होती, याची पक्की नोंद डोक्यात कुठेच नसते. आठवताना मेंदू ते चित्र नव्याने रंगवतो आणि रंग घेतो आजच्या आपल्याकडून. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना 1893 सालची. तिथे अर्धं आयुष्य घालवलेल्या वाचकाला आपली सगळी पिढीच पुस्तकात डोकं खुपसून बसलेली आठवते. त्याच्या वर्गातली जी पोरं ग्रंथालयाची पायरीही चढली नाहीत, ती आठवणीतून गळून गेलेली असतात.

हा निव्वळ तर्क नाही. संशोधकांनी काही जणांना वाचनचाचणीचा मुद्दाम खोटा निकाल दिला: तुम्ही अगदी वरच्या गटात आहात, किंवा अगदी तळाच्या. तळाचा निकाल मिळालेल्यांचं स्वतःबद्दलचं मत उतरलं, त्याबरोबर जुन्या काळच्या मुलांची आठवणही फिकी झाली आणि आजच्या मुलांबद्दलची तक्रारही सौम्य झाली. मुलं तीच होती, मोबाईलही तोच.

तसं पाहिलं तर मोबाईलही या तक्रारीत उशिराच आला. 1941 साली अमेरिकेत मेरी प्रेस्टन या डॉक्टरांनी तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना रेडिओ आणि सिनेमातल्या गुन्हेकथांचं ‘व्यसन’ असल्याचं लिहिलं होतं. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्या डब्यापुढून उठत नाही म्हणून ज्यांनी बोलणी खाल्ली, त्यांतले बरेच जण आज आजी-आजोबा आहेत.

मग मोबाईल निर्दोष का? तसंही नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी 2019 मध्येच ब्रिटन आणि अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती चाळली. मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक असतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. तुलनेसाठी त्यांनी बटाटे खाण्याचा संबंध काढला, तर तोही जवळपास तेवढाच निघाला! पण ही सरासरी आहे. एखाद्या मुलीला इन्स्टाग्रामवर रोज टोमणे खावे लागत असतील, तर तिच्या घरच्यांना या आकड्याचा काहीच उपयोग नाही.

माझ्या मते काळजी करायचीच तर ती झोपेची करावी. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याची खबर देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. हा उशीर विशीच्या आसपास टोकाला जातो आणि पुढे वयाबरोबर घड्याळ हळूहळू मागे येतं. म्हणजे नेरूळच्या दोन खोल्यांच्या घरात पाचला टक्क जागे होणारे आजोबा आणि नऊपर्यंत लोळणारा नातू, दोघेही आपापल्या शरीराचंच ऐकत असतात. पैकी आजोबांचं कौतुक होतं आणि नातू आळशी ठरतो. पडद्याचा उजेड मेलाटोनिन आणखी दाबतो, हे खरं. पण उशीर मुळात मोबाईलने आणलेला नाही, तो फक्त वाढवला. आणि या वयाला झोप लागते आठ ते दहा तास.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला. मुलांची झोप पुरी व्हावी, हा हेतू चांगलाच. पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीच्या वर्गांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे गेलेलं असतं, ती आठवी ते बारावीची मुलं त्यातून वगळली गेली. त्यांच्यातल्या अनेकांची सकाळची शाळा किंवा कॉलेज सातच्या सुमारास भरतं, संध्याकाळ क्लासमध्ये जाते आणि जेवण आटोपेपर्यंत दहा वाजतात. मित्रांशी निवांत बोलायला त्यानंतरचाच काय तो तास उरतो, आणि नेमका तेव्हाच घरचे म्हणतात, ‘ठेव तो मोबाईल!’